जकुझीची गाळणी आणि अर्धा राहिलेला धडा

"बाई, हे कशानं धुवायचं?"

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी ओसरीवर चहा घेत बसले होते. माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकल फाटकाशी लावून आत आला. हातात खताचं रिकामं पोतं, आणि पोत्यात हातभर उंचीचं, पंख्यासारख्या घड्या घातलेल्या पांढऱ्या कापडाचं एक नळकांडं. मला वाटलं, ट्रॅक्टरचा एअर फिल्टर असेल. पण तो म्हणाला, "जकुझीची जाळी आहे बाई. साबणानं धुतली, ब्रशनं घासली, तरी पांढरं जात नाही. पाणी पुढं सरकत नाही आणि मशीन बंद पडतंय."

आता मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. शाळेत माझे विषय मराठी आणि इतिहास. पण खेड्यातल्या शाळेत शिक्षक कमी पडले की मराठीच्या बाईंनाच विज्ञानाचा तास घ्यावा लागतो. तसा मी तो कितीतरी वर्षं घेतला. त्यामुळे गावातल्या चाळिशी-पन्नाशीच्या लोकांची अजून समजूत आहे की बाईंना विज्ञान येतं. ती समजूत मीही कधी खोडून काढली नाही. माणसाला आवडतं हो, कुणीतरी काहीतरी विचारायला येणं. निवृत्तीनंतर तर फारच.

तर आज लिहायचं आहे ते या गाळणीबद्दल, व्हिनेगरबद्दल आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

आधी थोडं गावाबद्दल सांगते. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघालं की यवत ओलांडल्यावर आमचं भांडगाव. खडकवासल्याच्या उजव्या कालव्यानं या सगळ्या पट्ट्याचं रूप पालटलं, ऊस आला, गुऱ्हाळं आली. आता गेल्या काही वर्षांत फार्महाऊस आली आहेत. पुण्याची मंडळी जमीन घेतात, टुमदार घर बांधतात, स्वतः महिन्यातून एकदा येतात आणि एरवी शनिवार-रविवार ते भाड्यानं देतात. अशाच एका फार्महाऊसवर माझा हा विद्यार्थी राखणदार आहे. झाडांना पाणी, कुत्र्याला भाकरी, पाहुण्यांची उठबस आणि जकुझीची देखभाल, सगळं त्याच्याकडे.

जकुझी हा शब्द आमच्याकडे आता सगळे बिनदिक्कत वापरतात. मूळचं ते आडनाव आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या भावांचा पंप बनवायचा धंदा होता. त्यांच्यातल्या एकाच्या लहान मुलाला संधिवात होता. त्याचे सांधे शेकता यावेत म्हणून त्यांनी १९५६ साली टबात सोडून पाणी खळखळवणारा पंप तयार केला. म्हणजे आज ज्याची गणना चैनीत होते, ते एका आजारी पोरासाठी बापानं केलेलं औषध होतं! आणि टबात बसून उपचार घेणं आमच्या भागाला तरी कुठे नवीन आहे? इथून जवळच उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ साली निसर्गोपचाराचं काम सुरू केलं. तिथल्या आश्रमातलं कटिस्नान घेऊन आलेली माणसं मी लहानपणापासून बघते आहे. फरक एवढाच, की त्या टबातलं पाणी माणूस उठला की ओतून देत. जकुझीतलं पाणी तेच राहतं, पुन्हापुन्हा गाळून आणि तापवून वापरतात. म्हणून तिचा सगळा जीव त्या गाळणीत.

आता ती गाळणी पांढरी का पडते? आमचं पाणी बोअरचं. बेसाल्टच्या खडकातून झिरपत आलेलं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणत, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही ते. घरातल्या बायकांना हा धडा न शिकताही पाठ असतो. डाळ शिजत नाही, केस चिकट होतात, बादलीला आतून पांढरा थर बसतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरं पाणीच नसेल तर फार तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. हे पाणी तापवलं की त्यात विरघळलेला चुना विरघळलेला राहत नाही, खाली बसतो किंवा जिथे जागा मिळेल तिथे चिकटतो. गिझरची कॉइल, किटलीचा तळ, शॉवरची भोकं आणि जकुझीची गाळणी, सगळीकडे तोच थर. जकुझीचं पाणी ३८ ते ४० अंशांपर्यंत सतत तापतं, त्यामुळे तिथे तर चुन्याला आयतं निमंत्रण.

मला याचं उत्तर माहीत होतं, आणि ते पुस्तकातून नव्हे. २०१६ साली मी मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आले. ती फिनिक्सला असते. तिथलं पाणीही आमच्यासारखंच जड. त्यांच्या मागच्या अंगणात असा एक टब होता. जावईबापू महिन्यातून एकदा त्याची गाळणी काढत, नळीच्या धारेखाली घडी न् घडी धुवत आणि मग मोठ्या बादलीत पाणी आणि साधं पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं घालून रात्रभर बुडवून ठेवत. सकाळी गाळणी कोऱ्या कापडासारखी! मी विचारलं तर म्हणाले, "आई, दुकानातलं औषध महाग पडतं. हे घरगुती आहे, साधं आहे."

तेच शब्द मी माझ्या विद्यार्थ्याला जसेच्या तसे सांगितले. "अरे, व्हिनेगर आण. घरगुती आहे, साधं आहे. काही होत नाही."

हे शेवटचे तीन शब्द लक्षात ठेवा. माझी चूक त्यातच आहे.

त्या दिवशी मात्र मी अगदी उत्साहात होते. त्याला म्हटलं, इथेच करून बघू. त्यानं चौफुल्यावरून व्हिनेगरच्या बाटल्या आणल्या, न्हाणीघराबाहेरच्या फरशीवर बादली मांडली. गाळणी बुडवताच बारीक बुडबुडे यायला लागले. व्हिनेगर म्हणजे पाण्यात साधारण चार-पाच टक्के ॲसेटिक आम्ल. चुन्याशी त्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि चुना विरघळून पाण्यात जातो. आमच्या गुऱ्हाळांच्या गावात हे नवल नाही. उसाचा रस राहिला तर आधी फसफसतो, मग त्याचा आंबूस शिरका होतो. साखरेची दारू आणि दारूचं आम्ल, हे काम सूक्ष्मजीव फुकट करतात. बाजारातलं स्वस्त व्हिनेगर मात्र बहुतेक वेळा कारखान्यातल्या आम्लात पाणी घालून केलेलं असतं, आणि तसं बाटलीवर लिहिलेलं असतं. सफाईच्या कामाला दोन्ही सारखीच.

दुसऱ्या दिवशी गाळणी बरीचशी स्वच्छ निघाली. बरीचशी म्हणते, कारण मधल्या घड्यांत पिवळट, बुळबुळीत डाग तसेच होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा चुना नव्हता, हे तेल होतं. पाहुण्यांच्या अंगाचं, केसांचं, सनस्क्रीनचं. आम्लाला तेल जुमानत नाही.

आणि मला सासूबाई आठवल्या. आमच्याकडे तांब्याचा बंब होता. सकाळी गोवऱ्या आणि चिपाडं घालून पेटवायचा, घरभर धूर. सणाच्या आदल्या दिवशी तो बंब घासायचं काम माझ्याकडे. त्या सांगायच्या, "तेलकट भांड्याला राख, तांब्याला चिंच. आधी राखेनं घास, धुऊन काढ, मग चिंच लाव. दोन्ही एकदम लावलीस तर दोन्ही वाया." राख म्हणजे आम्लारी, ती तेल कापते. चिंच म्हणजे आम्ल, ती तांब्यावरचा डाग आणि चुना काढते. दोन्ही एकत्र केली की एकमेकांना मारून टाकतात. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. आज मोबाइलवर व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र फसफसवून दाखवणारे जे व्हिडिओ येतात ना, ते पाहिले असते तर त्या म्हणाल्या असत्या, "फेस बघून भुलू नकोस." खरंच आहे. फेस भरपूर, आणि शेवटी उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी.

तर क्रम असा ठरला. आधी नळीची धार. मग भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तेल काढायचं. मग स्वच्छ धुवायचं. मग व्हिनेगर. मग पुन्हा स्वच्छ धुऊन सावलीत वाळवायचं. दुसरी गाळणी हाताशी ठेवायची म्हणजे पहिली बुडालेली असताना काम अडत नाही. या क्रमानं गाळणी खरोखर नव्यासारखी निघाली. त्याच्या मालकांनीही कौतुक केलं. त्याआधी हा पठ्ठ्या हार्डवेअरच्या दुकानातलं फरशी साफ करायचं ॲसिड वापरायचा. त्यानं एका गाळणीचं कापडच विरून गेलं होतं आणि हाताची कातडी सोलली होती. असं तीव्र ॲसिड विकताना नोंदवही ठेवावी, ओळखपत्र पाहावं, अठरा वर्षांखालच्यांना देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा आदेश आहे. त्याच्याकडे कुणी ओळखपत्र मागितलं नव्हतं. त्या मानानं व्हिनेगर म्हणजे किती सोज्वळ! असं मला वाटलं.

एक इशारा मात्र मला त्याच दिवशी मिळाला होता. बादली उचलली तर खाली शहाबादी फरशीवर पांढुरकं कडं उमटलेलं. सांडलेल्या व्हिनेगरनं फरशीची चमक खाल्ली होती. शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीचेच दगड. जे आम्ल गाळणीवरचा चुना खातं, ते फरशीचा चुना का सोडेल? त्याला काय कळतं, कोणता चुना नको असलेला आणि कोणता पैसे देऊन आणलेला? ते कडं अजून आहे. मी त्यावर फुलझाडाची कुंडी ठेवली. म्हणजे इशारा झाकून टाकला.

पुढे चार-पाच महिने गेले. दिवाळीच्या आधी फार्महाऊसवर पाहुण्यांची रीघ. एका शुक्रवारी संध्याकाळी त्याची बायको धावत आली. "बाई, ह्यांना दवाखान्यात नेलंय. श्वास लागलाय."

झालं होतं असं. दुसऱ्या दिवशी वीस माणसं उतरणार होती. गाळणी लवकर आणि चांगली साफ व्हावी म्हणून यानं पंपाच्या खोलीत बादली भरली. बाहेर गार वारा होता म्हणून दार ओढून घेतलेलं. व्हिनेगरच्या पाण्यात गाळणी बुडवली आणि वरून दोन मुठी टीसीएल पावडर टाकली. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत आणि टाकीत टाकतो तीच. जंतू मारणारी. याच्या मनात हिशेब अगदी सरळ होता. व्हिनेगरनं स्वच्छ होतं, टीसीएलनं शुद्ध होतं, दोन्ही घातली तर दुप्पट. क्षणात हिरवट पिवळा धूर उठला. हा वाकून बघत होता.

तो धूर क्लोरीनचा. टीसीएल असो, ब्लीचिंग पावडर असो, संडास-मोरी धुवायचं ब्लीचचं पाणी असो की जकुझीच्या पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या असोत, यातलं काहीही आम्लात पडलं की क्लोरीन वायू सुटतो. मग ते आम्ल हार्डवेअरच्या दुकानातलं आहे की लोणच्यात घालायचं, हे तो विचारत नाही. आणि मी तर इतिहासाची बाई! २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रला जर्मनांनी सोडलेला विषारी वायू हाच, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. त्यानंतर चारच दिवसांनी तिथल्या चढाईत लाहोर डिव्हिजनचे आपले हिंदी सैनिक त्याच वायूत सापडले, हेही सांगितलं. चौकटीत लिहून दिलं, परीक्षेत विचारलं. पण तो ईप्रचा वायू आणि मोरीतली बाटली यांचा काही संबंध आहे, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. इतिहासाचा तास वेगळा, विज्ञानाचा तास वेगळा आणि मोरी तर कुठल्याच तासात नाही.

देवाची कृपा म्हणायची की दार ओढलेलं होतं, कडी लावलेली नव्हती. तो धडपडत बाहेर आला. रात्रभर ऑक्सिजन लावला, वाफारे दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडलं. पण पुढे दीड महिना जिना चढला तरी त्याची छाती भरून यायची.

मी भेटायला गेले. तो खाटेवर उठून बसायला लागला, मी म्हटलं, पडून राहा. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, "बाई, व्हिनेगर साधं असतं ना?" तक्रार नव्हती त्यात. खरोखरच विचारत होता. वर्गात विचारायचा तसं.

आणि मला एकदम त्याचा सातवीतला प्रश्न आठवला. लिटमस कागदाचा प्रयोग होता. लिंबाच्या रसात निळा कागद लाल झाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. हा मागच्या बाकावरून म्हणाला होता, "बाई, लाल झाला, पण त्याचं पुढं काय?" मी म्हटलं होतं, "परीक्षेत एवढंच येतं. लिहून घे."

त्याच्या बायकोनं नंतर दारापाशी मला सांगितलं की मालकांनी दवाखान्याचा खर्च दिला, पण फोनवर चिडून विचारलं, "हे व्हिनेगरचं खूळ तुला कुणी शिकवलं?" आणि यानं उत्तर दिलं, "मीच केलं साहेब." माझं नाव घेतलं नाही. मला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मालकांना स्वतः फोन केला आणि सांगितलं, शिकवलं मी, आणि अर्धंच शिकवलं.

तर सांगायचा मुद्दा असा. घरगुती उपाय वाईट नाहीत. मी आजही गिझरच्या पाण्यानं पांढरा झालेला शॉवर व्हिनेगरमध्ये बुडवते, स्टीलच्या नळाला व्हिनेगरची ओली चिंधी अर्धा तास गुंडाळून मग धुऊन टाकते, किटलीत ते घालून उकळी आणते. स्वस्त आहे, गुणकारी आहे. पण 'घरगुती' हा शब्द आपण 'निरुपद्रवी' या अर्थानं वापरतो, तिथे घात होतो. चिंच, लिंबू, राख, चुना, सोडा, व्हिनेगर ही सगळी रसायनंच आहेत, फक्त त्यांची आपली जुनी ओळख आहे. आणि ओळखीचा माणूस कोणाबरोबर बसला तर भांडण होतं, हे जसं आपल्याला ठाऊक असतं, तसंच हेही ठाऊक हवं. सासूबाईंनी मला नुसतं "चिंच लाव" असं कधी सांगितलं नाही. क्रम सांगितला, आणि काय एकत्र करायचं नाही तेही सांगितलं. उपाय त्यांच्याकडून अख्खा मिळाला होता. मी पुढे दिला तो अर्धा.

काही जण मला म्हणाले, "बाई, तुम्ही उगीच मनाला लावून घेता. अशा लोकांना इतकं समजावून काय उपयोग? कंपनीचं औषध द्यावं, इतकं झाकण भरून ओत म्हणावं, संपलं." मला हे अजिबात पटत नाही. एक तर कंपनीच्या बाटलीवरच्या सूचना इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. आणि दुसरं म्हणजे, ज्याला नुसतं किती ओतायचं तेवढंच ठाऊक आहे, त्याला अडचणीच्या दिवशी काय करू नये हे कसं कळणार? वीस पाहुणे उद्या येणार आहेत, आज गाळणी तुंबली आहे, अशा वेळी माणूस स्वतःचं डोकं चालवतोच. ते डोकं चालायला आपण त्याला काही दिलंय का, हा प्रश्न आहे. आणि 'अशा लोकांना' म्हणजे कोणाला? तो माझ्या वर्गातला पोरगा आहे. 'पुढं काय' हे विचारणारा सबंध वर्गात तोच एक होता.

शिवाय हे काम दिसतं तितकं हलकं नाही. १९९९ साली नेदरलंड्समध्ये बोवनकार्सपेल या गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेला असाच एक खळखळणारा टब होता. त्यात कुणी उतरलंही नव्हतं. पण कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढले, तुषारांबरोबर हवेत गेले आणि नुसते शेजारून गेलेले लोक न्यूमोनियानं आजारी पडले. किमान ३२ माणसं गेली. म्हणजे माझा विद्यार्थी टीसीएलकडे वळला ते मूर्खपणानं नव्हे. जंतू मारायला क्लोरीन लागतोच, व्हिनेगरच्या भरवशावर ते काम सोडता येत नाही. त्याचं चुकलं ते एवढंच की दोन चांगल्या गोष्टी एका बादलीत आल्या. आम्लातून काढलेली गाळणी स्वच्छ धुवायची, आणि क्लोरीन नंतर टबातल्या पाण्यात, मापानं. इतकं सोपं होतं. कुणीतरी सांगायला हवं होतं.

ज्या टबात माणसं मजेत पाय पसरून बसतात, तो टब सुरक्षित राखायचं काम ज्याच्याकडे आहे, त्याला आपण बादली देतो, ब्रश देतो आणि तो म्हणेल ती बाटली आणून देतो. हातमोजे देत नाही, उघडी जागा देत नाही, आणि कारण तर कधीच देत नाही. मालकांनी हे द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण बोट फक्त त्यांच्याकडे दाखवून मी सुटणार नाही. कारण द्यायचं काम तर शिक्षकाचंच होतं.

तो बरा झाल्यावर मी एक पुठ्ठा घेतला आणि फळ्यावर लिहायचे तशा मोठ्या अक्षरांत त्यावर लिहिलं. मालकांच्या परवानगीनं तो आता पंपाच्या खोलीच्या दारावर लावलेला आहे. मजकूर असा:

आधी साबण, मग धुणे, मग व्हिनेगर, मग पुन्हा धुणे.
साबण तेल काढतो. व्हिनेगर चुना काढते. दोघांचे काम वेगळे.
व्हिनेगर किंवा कोणतेही ॲसिड + टीसीएल, ब्लीच, क्लोरीनची गोळी = विषारी वायू. कधीही एकत्र नाही, एका बादलीतही नाही.
काम उघड्यावर. हातात मोजे. बादली शहाबादीवर ठेवू नये.
वास आला, डोळे चुरचुरले तर बादली तिथेच सोडून मोकळ्या हवेत पळावे. बादली वाचवू नये.

शेवटची ओळ त्याच्या सांगण्यावरून घातली. त्या दिवशी धूर उठल्यावर तो लगेच पळाला नव्हता. आधी महागाची गाळणी बाहेर काढायला गेला होता.

पुठ्ठा लावून झाल्यावर त्याची मुलगी मोठ्यानं वाचत होती. ती आता सातवीत आहे. वाचून झाल्यावर म्हणाली, "आजी, पण एकत्र केल्यावर वायू का होतो?"

मी सांगितलं, मलाही ते नीट समजून घ्यावं लागेल, उद्या ये. आणि संध्याकाळी कपाटातून विज्ञानाचं पुस्तक काढून, चष्मा पुसून वाचायला बसले. ती दुसऱ्या दिवशी आली. ओसरीवरची कुंडी बाजूला सरकवून मी तिला आधी ते फरशीवरचं पांढरं कडं दाखवलं.